नाशिकमध्ये तिरंदाजीची सुरुवात: धनुष्य हलकं, लक्ष्य जवळ

धनुष्य ही मुळात एक स्प्रिंग आहे. दोरी मागे खेचताना पाठीतली ताकद धनुष्याच्या दोन पात्यांत साठते आणि दोरी सुटताच ती बाणात उतरते. 24 पाउंडांचं, म्हणजे साधारण 11 किलोचा ताण देणारं धनुष्य 45 सेंटिमीटर खेचलं की त्यात सुमारे 24 ज्यूल ऊर्जा साठते. पाण्याने भरलेली लिटरची बाटली अडीच मीटरवरून पडावी, तेवढी. आकडा किरकोळ वाटतो, पण त्यातली बरीचशी ऊर्जा 20 ग्रॅम वजनाच्या टोकदार नळीत जाते आणि बाण सेकंदाला 40 मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. तिरका वर रोखून सोडला तर शंभर मीटरच्या पलीकडे जाऊन पडेल. शिकाऊ मुलांच्या हातातलं, ‘खेळण्यातलं’ वाटणारं धनुष्यही याला अपवाद नाही.

याच हिशेबातून पहिला नियम निघतो: बाण न लावता ताणलेली दोरी कधीही सोडायची नाही. बाण नसला की ऊर्जेला जायला जागा उरत नाही, ती पात्यांतच परत फिरते. पातं तडकतं, दोरी निसटते, कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या, धनुष्याचं चाक वाकतं आणि तुकडे चेहऱ्याजवळून उडतात. दुकानात किंवा मैदानावर कोणी कौतुकाने धनुष्य हातात दिलं तर ‘जरा ओढून बघतो’ म्हणत दोरी सोडू नका. ओढलीच असेल तर हाताने सावकाश पुढे आणा.

शिकारीबद्दल आधी सांगितलेलं बरं

पंचवटीतून राम सुवर्णमृगामागे गेला, ही गोष्ट नाशकातलं प्रत्येक मूल ऐकत मोठं होतं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या पट्ट्यातल्या कोकणा, महादेव कोळी, वारली आणि भिल्ल समाजांत तीरकामठ्याला मानाचं स्थान आहे. त्यातच परदेशातले धनुष्याने शिकार करण्याचे व्हिडिओ मोबाइलवर येत असतात. त्यामुळे धनुष्य घ्यायला निघालेल्या अनेकांच्या मनात शिकार असते आणि त्यात नवल नाही. पण भारतात छंद म्हणून वन्यप्राण्याची शिकार करता येत नाही. धनुष्याने नाही, कशानेच नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 9 ने शिकारीला बंदी आहे. या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, हाकारा घालणं, जखमी करणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणं आणि यांतलं काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळं त्यात येतं. म्हणजे नेम चुकला म्हणून गुन्हा टळत नाही. बिबट्या, काळवीट, मोर हे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान 3 ते कमाल 7 वर्षांची कैद आहे, आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर दंड किमान 25,000 रुपये आहे. हत्यार आणि वाहन जप्त होतं ते वेगळंच. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आणि येवल्याजवळचं काळविटांचं ममदापूर हे तर खास राखलेले भाग आहेत.

इथे दोन गैरसमज नेहमी दिसतात. एक, रानडुक्कर पिकाची नासाडी करतं म्हणून शेतकऱ्याने त्याला मारलं तर चालतं. चालत नाही. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, आणि उपद्रवी प्राण्याबाबत काय करायचं याची परवानगी वन खात्याचा सक्षम अधिकारी लेखी देतो. नुकसान झालं तर वन खात्याकडे पंचनामा मागायचा, धनुष्य काढायचं नाही. दुसरा गैरसमज असा की आदिवासींना पारंपरिक शिकारीची मुभा आहे. 2006 च्या वन हक्क कायद्याने वनउपज, चराई, मासेमारी असे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले, मात्र शिकारीचा आणि सापळ्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे.

ज्या देशांत धनुष्याने शिकार कायदेशीर आहे तिथेही ती नवशिक्याची गोष्ट नाही, हे त्या व्हिडिओंत दिसत नाही. बंदुकीची गोळी धक्क्याने मोठी हानी करते. बाण तसं करत नाही, तो रुंद पात्याने रक्तवाहिन्या कापतो. हृदय-फुप्फुसाच्या भागात तो नेमका बसला तरच प्राणी लवकर मरतो. चार बोटं इकडेतिकडे झाला की जखमी जनावर जंगलात निघून जातं आणि तडफडत मरतं. म्हणून तिथले जाणते शिकारी वीस-तीस मीटरच्या पुढे बाण टाकत नाहीत आणि वर्षभर मैदानात सराव करतात. ज्यांना शिकारीतलं कसब हवंय, म्हणजे चढउतार, अंतराचा अंदाज, झाडीतून रोखणं, त्यांच्यासाठी ‘फील्ड’ आणि ‘थ्री-डी’ हे तिरंदाजीचेच प्रकार आहेत. थ्री-डीमध्ये फोमचे प्राणी वेगवेगळ्या, न सांगितलेल्या अंतरांवर ठेवतात. आव्हान तेच असतं, पण जीव कुणाचाही जात नाही. तिथे पोचण्याचा रस्ताही 5 मीटरवरच्या गवताच्या बट्रेसपासूनच, म्हणजे बाण झेलणाऱ्या जाड गादीपासूनच, सुरू होतो.

कोणतं धनुष्य?

आपल्याकडे स्पर्धांत तीन प्रकार खेळतात. ‘इंडियन राउंड’ बांबूच्या धनुष्याने खेळतात. त्याला साइट, म्हणजे नेम धरायचा ठिपका, नसते, अंतरं 30 आणि 50 मीटर असतात. तीरकामठ्याशी जवळचं नातं असलेला आणि सगळ्यात कमी खर्चाचा हाच प्रकार. ‘रिकर्व्ह’ म्हणजे टोकं पुढे वळलेलं, ऑलिम्पिकमध्ये दिसतं ते धनुष्य. मोठ्यांसाठी त्याचं अंतर 70 मीटर, टार्गेट 122 सेंटिमीटरचं आणि त्यातलं 10 गुणांचं वर्तुळ अवघं 12.2 सेंटिमीटर. तिसरं ‘कंपाऊंड’. त्याच्या टोकांना चाकं असतात आणि पूर्ण ओढल्यावर ताण 65 ते 80 टक्क्यांनी उतरतो. 50 पाउंडांचं कंपाऊंड रोखून धरताना हातावर 10 ते 17 पाउंडच येतात. अंतर 50 मीटर, टार्गेट 80 सेंटिमीटरचं. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाऊंडचा मिश्र सांघिक प्रकार आला आहे. महाराष्ट्राचं नाव कंपाऊंडमध्ये मोठं आहे. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघंही वैयक्तिक विजेते ठरले. ओजसने अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेतले.

सुरुवात मात्र साध्या रिकर्व्हने किंवा बांबूच्या धनुष्याने करावी. कंपाऊंडमध्ये ताण उतरत असल्यामुळे चुका लवकर उघड होत नाहीत, आणि ते धनुष्य एकाच माणसाच्या मापाला बसवलेलं असतं. साधं धनुष्य चूक तिथल्या तिथे दाखवतं. पहिले दोन-तीन महिने काहीच विकत घेऊ नका, क्लबचं धनुष्य वापरा. जिल्ह्यात कुठे प्रशिक्षण चालतं याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करा. 14, 17 आणि 19 वर्षांखालील शालेय स्पर्धाही तिथूनच होतात. प्रशिक्षक पारखायचा असेल तर एवढंच बघा: नव्या मुलाच्या हातात ते पहिल्या दिवशी काय देतात? रबराची पट्टी किंवा अगदी हलकं धनुष्य दिलं तर तिथे थांबा. 70 मीटरच्या गोष्टी सुरू झाल्या तर दुसरीकडे बघा.

डोळा, माप आणि पाउंड

सगळ्यात आधी डोळा. उजव्या हाताने जेवणाऱ्या सगळ्यांचा उजवाच डोळा प्रबळ असतो असं नाही. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी त्रिकोणी खिडकी करा आणि तिच्यातून दूरचा विजेचा खांब बघा. आता एक एक डोळा मिटा. ज्या डोळ्याने खांब खिडकीतच राहतो, तो प्रबळ. उजवा असेल तर धनुष्य डाव्या हातात धरून उजव्याने ओढायचं, डावा असेल तर शक्यतो उलट. हे चुकलं की मुलगा महिनोन्‌महिने डावीकडे बाण टाकत राहतो आणि दोष मात्र त्याच्या एकाग्रतेला दिला जातो.

मग ओढ, म्हणजे ड्रॉ लेंग्थ. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं माप घ्या आणि 2.5 ने भागा. 165 सेंटिमीटर आलं तर 66 सेंटिमीटर, म्हणजे 26 इंच. हा अंदाज आहे, खरी ओढ दोन-तीन आठवड्यांनी मोजावी, कारण शरीर सैल होतं तशी ती वाढते. 27 इंचांच्या आत ओढ असेल तर 66 इंची धनुष्य, 27 ते 29 ला 68 इंची, त्याहून जास्त ओढीला 70 इंची.

आता पाउंड. इथेच सगळ्यात जास्त माणसं चुकतात. पातीवर छापलेला आकडा 28 इंच ओढीचा असतो. ओढ इंचाने कमी झाली की साधारण 2 पाउंड उतरतात. म्हणून 24 पाउंडांची पाती 26 इंच ओढणाऱ्याच्या हातात 20 पाउंडच देते. प्रौढ पुरुषाने 20 ते 24, स्त्रीने 16 ते 20 आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांनी 12 ते 16 पाउंडांपासून सुरुवात करावी. जिमला जाणाऱ्यांना हे अपमानास्पद वाटतं, कारण ते 24 पाउंड एका दमात सहज ओढतात. पण एकदा ओढणं आणि सत्तर वेळा, प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद रोखून, अगदी तशाच पद्धतीने ओढणं यात फरक आहे. 24 पाउंडांनी 70 बाण म्हणजे पाऊण टनाहून जास्त वजन, तेही खांद्याच्या मागच्या, रोजच्या कामात न लागणाऱ्या स्नायूंनी. धनुष्य झेपत नसलं की खांदा कानाकडे चढतो, कंबर मागे झुकते, दोरी हनुवटीपर्यंत पोचायच्या आत सुटते. शरीर या सवयी चटकन शिकतं. त्या मोडायला मग वर्ष जातं आणि मधल्या काळात खांद्याची कुरबुर मागे लागते ती वेगळी.

झेपतं की नाही हे तपासायची रीत सोपी आहे. हात टार्गेटच्या पातळीत ठेवून सावकाश ओढा, धनुष्य आकाशाकडे न नेता. हनुवटीखाली आणून 10 सेकंद धरा, मग तसंच सावकाश सोडा. असं पाच वेळा, मध्ये अर्धा मिनिट विसावा घेत. पाचव्या वेळेलाही टोक थरथरलं नाही तर ते धनुष्य तुमचं. नाहीतर 4 पाउंड खाली या. वाढवताना एका वेळी 2 पाउंडच, आणि तेही दोन-तीन महिने नियमित सराव झाल्यावर. मूठ आणि पाती वेगळी होणारं धनुष्य घेतलं तर दरवेळी फक्त पाती बदलावी लागते. म्हणून पहिली पाती स्वस्तातली किंवा वापरलेली घ्या आणि पैसा मुठीवर, म्हणजे रायझरवर घाला.

बाण हा धनुष्याचा भाग समजा

चांगलं धनुष्य आणि कुठलेही बाण, ही जोडी जमत नाही. त्यापेक्षा साधं धनुष्य आणि त्याला जुळणारे सारखे बाण बरे. कारण बाण सरळ जात नाही. दोरी बोटांवरून घसरताना जराशी बाजूला सरकते, पुढचं टोक जड असतं, त्यामुळे बाण धनुष्याजवळून जाताना आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वाकतो, माशासारखा. हे वाकणं धनुष्याच्या ताकदीशी जुळलं तर बाणाची शेपटी रायझरला न लागता निघून जाते. नाही जुळलं तर लागते, आणि बाण भरकटतो.

बाणाचा हा ताठपणा म्हणजे स्पाइन. 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर नळी ठेवून मध्ये 1.94 पाउंड वजन टांगतात आणि ती किती वाकते ते मोजतात. एक इंच वाकली तर स्पाइन 1000, अर्धा इंच वाकली तर 500. म्हणजे आकडा जितका मोठा, तितका बाण मऊ. हलक्या धनुष्याला मऊ बाण लागतो, आणि 20 पाउंडांच्या आसपास 1000 किंवा त्याहून मोठा आकडा पाहावा. अ‍ॅल्युमिनियमच्या बाणांवर 1616 असा आकडा असतो, तो वेगळा: पहिले दोन अंक म्हणजे व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागांत, पुढचे दोन म्हणजे पत्र्याची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण फार ताठ असेल तर डावीकडे जातो, फार मऊ असेल तर उजवीकडे.

लांबी मात्र आधी सुरक्षिततेसाठी बघायची, नेमासाठी नंतर. पूर्ण ओढल्यावर बाणाचं टोक रायझरच्या पुढे निदान इंचभर असलं पाहिजे, वाढत्या मुलांसाठी दोन-तीन इंच. आखूड बाण ओढताना रेस्टवरून, म्हणजे रायझरवरच्या बाणाच्या टेकूवरून, आत घसरतो आणि सुटताना थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. म्हणून मोठ्या भावाला लहान बहिणीचे बाण देऊ नका.

नॉक, म्हणजे दोरीवर बसणारी खाच, ‘टक’ करून बसावी आणि बाण खाली लोंबकळत राहावा. दोरीवर टिचकी मारली की पडावा. सैल नॉक ओढता ओढता सुटते, आणि मग ते बाणाशिवाय दोरी सोडण्यासारखंच झालं. तीन पिसांपैकी वेगळ्या रंगाचं पीस रायझरच्या उलट बाजूला ठेवा. शिकताना अ‍ॅल्युमिनियम बरा: वाकला तर दिसतो. कार्बनचा बाण दिसायला धड असतो आणि आतून चिरलेला असू शकतो. प्रत्येक वेळी तो दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवा आणि कानाशी नेऊन कडकड येते का ऐका. आवाज आला की फेकून द्या, चिकटवून वापरू नका.

जोडणीच्या दोन मापांकडे नव्या माणसाचं दुर्लक्ष होतं. दोरी चढवल्यावर मुठीच्या खोलगट भागापासून दोरीपर्यंतचं अंतर 68 इंची धनुष्यात साधारण 8.5 ते 9.25 इंच असावं. कमी असेल तर दोरी काढून तिला आणखी पीळ द्या. हे अंतर दररोज मोजा, कारण दोरी सैलावते आणि ‘काल लागत होतं, आज का नाही’ याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. दोरीवर बाण बसवायची खूण काटकोनापेक्षा 5 ते 10 मिलिमीटर वर असावी. दोरी चढवायला स्ट्रिंगर वापरा. गुडघ्यात अडकवून धनुष्य वाकवलं की पाती पिळवटतात आणि मग कधीच सरळ होत नाहीत.

बाण कसा सोडायचा

पाय खांद्याइतके फाकवून, टार्गेटला आडवे उभे राहा. वजन दोन्ही पायांवर, थोडं पुढच्या चवड्यांकडे. बाण लावा. तीन बोटं दोरीवर: तर्जनी बाणाच्या वर, मधली आणि अनामिका खाली. दोरी पहिल्या सांध्याच्या खोबणीत बसवा, बोटांच्या टोकांवर नको. तर्जनी आणि बाण यांच्यात फट हवी. बाण वारंवार रेस्टवरून पडत असेल तर कारण जवळजवळ नेहमी हेच असतं, तर्जनी नॉकला चिमटते आणि बाण ढकलला जातो.

धनुष्य धरणारा हात धनुष्याला पकडत नाही, त्याच्यामागे फक्त टेकतो. मूठ अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, तळहाताच्या अंगठ्याकडच्या उशीवर, बोटं सैल, पेरं तिरकी. घट्ट धरलं तर सुटताना मनगट वळतं आणि बाण बाजूला जातो. धनुष्य हातातून पडेल ही भीती रास्त आहे, त्यासाठी अंगठा आणि तर्जनीला बांधायची छोटी दोरी मिळते. बुटाची नाडीही चालते. आता कोपर थोडं बाहेरच्या बाजूला फिरवा, इतकं की त्याची खळगी आकाशाकडे न बघता आडवी बघेल. हे न केल्याने सुटलेली दोरी हाताच्या आतल्या भागाला फटकारते आणि हिरवंनिळं करते. आर्मगार्ड तो फटका झेलतो, पण कारण कोपरात असतं.

हात उचला, पुढचा खांदा खालीच ठेवा आणि ओढा. ओढणं दंडाने नाही, पाठीने: दोन्ही खांद्यांची पाठीमागची हाडं एकमेकांकडे येताहेत असं जाणवलं पाहिजे. दोरी नाकाच्या टोकाला आणि हनुवटीच्या मध्यावर टेकते, तर्जनी जबड्याच्या खाली घट्ट बसते. ही जागा म्हणजे अँकर. बंदुकीला नेम धरायला मागे खाच असते, तिरंदाजाला अँकर. तो अर्धा सेंटिमीटर खालीवर झाला तर 18 मीटरवर बाण काही बोटं वरखाली होतो, 70 मीटरवर तर टार्गेटच्या कडेजवळ जातो. म्हणून डोकं दोरीकडे न्यायचं नाही, दोरी डोक्याकडे आणायची.

रोखा, पण तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त नको. साइटचा ठिपका टार्गेटच्या मधल्या सोनेरी भागावर थोडा डुलतच राहतो, डुलू द्या. तो अगदी स्थिर होण्याची वाट पाहिली की स्नायू थकतात आणि ठिपका जास्तच डुलतो. पाठ हळूहळू ओढत राहू द्या आणि बोटांतली पकड सोडून द्या. बोटं ‘उघडायची’ नाहीत, दोरीच त्यांना बाजूला सारून निघून गेली पाहिजे. बरोबर सुटलं तर हात गालाला घासत मानेकडे मागे जातो. हात बाहेरच्या बाजूला उडाला तर दोरी छेडली गेली आणि बाण सरकला. बाण लागेपर्यंत पुढचा हात तसाच ठेवा. कुठे लागला ते पाहायला डोकं बाहेर काढणं, ही पहिल्या वर्षातली सगळ्यात चिवट खोड आहे, आणि तिच्यावर एकच औषध आहे: टार्गेटचा कागदच काढून टाका. तीन मीटरवर, कोऱ्या बट्रेसवर, शंभर-दोनशे बाण. लक्ष्य नसल्यामुळे लक्ष शरीराकडे जातं.

बाण एका जागी गोळा व्हायला लागले की मगच साइटला हात लावा. गठ्ठा डावीकडे असेल तर साइट डावीकडे, वर असेल तर वर, म्हणजे साइट बाणांच्या मागे जाते. एकट्या चुकलेल्या बाणावरून साइट हलवू नका, तो बाण साइटने नाही, तुम्ही चुकवलेला असतो. आडवा पसारा असेल तर आधी मूठ आणि सोडणं तपासा, उभा पसारा असेल तर अँकर आणि ओढ. शेवटचे बाण खाली जात असतील तर दमलात, थांबा.

जागा, वारा आणि शिट्टी

सिडकोतल्या गच्चीवर, गंगापूर रोडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा मोकळ्या प्लॉटवर सराव करू नका. एक चुकलेला बाण कुठे जातो हे वर सांगितलंच आहे. शेतात जागा असेल तर मागे उंच मातीचा बांध किंवा टेकडीचा उतार हवा. द्राक्षबागेच्या ओळींमधली सरळ वाट मोहात पाडते, पण मांडवाच्या तारांवर आपटून बाण दिशा बदलतो आणि पानांआड काम करणारी माणसं दिसत नाहीत. कांद्याच्या चाळीची भिंतही चालणार नाही, बाण फटींतून पार जातो.

बट्रेससाठी इगतपुरी-त्र्यंबककडे भाताचा पेंढा भरपूर मिळतो. तो घट्ट दाबून, दोरीने आवळून 30 सेंटिमीटर जाडीचा करा. नाहीतर बारदानाच्या गोणीत जुने कपडे ठासून भरा, त्यातली बटणं आणि चेन काढून. मध्य जमिनीपासून 130 सेंटिमीटरवर आणि बट्रेस 10 ते 15 अंश मागे कललेली असावी. बाण उत्तरेकडे जातील अशी रचना करा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी ऊन डोळ्यांत येत नाही. शेतातल्या सरावात एक माणूस फक्त रस्त्याकडे आणि बांधाकडे लक्ष ठेवायला हवा.

मैदानावर शिट्ट्यांची भाषा सगळीकडे सारखी आहे: दोन म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे सोडायला सुरुवात, तीन म्हणजे बाण आणायला चला, आणि पाच किंवा जास्त म्हणजे आहे तिथेच थांबा, ताणलेली दोरी सावकाश खाली. रेषेच्या पुढे माणूस असताना बाण दोरीवर लावायचाही नाही. बट्रेसकडे चालत जा, पळत गेलेला माणूस अडखळून नॉकवर पडतो. बाण उपसताना एक हात बट्रेसवर दाबा, दुसऱ्याने बाण मुळाशी धरून सरळ ओढा, आणि मागे कुणी उभं नाही ना ते बघा.

नाशिकच्या हवेचा विचार साहित्यासाठीही करावा लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत धनुष्य ठेवलं तर पात्यांचे थर सुटतात. पावसाळ्यात बांबूचं धनुष्य ओल धरतं आणि खऱ्या पिसांचे बाण मलूल पडतात, तेव्हा प्लॅस्टिकची पिसं घ्या. निफाडकडच्या डिसेंबरच्या थंडीत बोटं बधिर होतात आणि दोरी कधी सुटली हे कळत नाही, तेव्हा आधी दहा मिनिटं रबराच्या पट्टीवर अंग गरम करा. आठवड्यातून एकदा पात्यांवरून कापसाचा बोळा फिरवा. कुठे कापूस अडकला तर तिथे चीर आहे. दोरीला मेण लावा. तिचा एक धागा जरी तुटला तरी ती बदला.

अंतर कधी वाढवायचं? पहिले दोन आठवडे 3 ते 5 मीटर, कोरी बट्रेस. मग 10 मीटर आणि मोठा कागद. ओळीने तीन दिवस सहाच्या सहा बाण जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसले की पुढे सरका: 18, मग 30, आणि पाउंड वाढतील तसे 50. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी 40 ते 60 बाण पुरतात. एका रविवारी दोनशे मारून बाकीचे सहा दिवस काही न करण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. ताटाबाहेर बाण जायला लागले तर एक टप्पा मागे या आणि पुन्हा तिथून सुरू करा.